नाडीला नाडी बांधून

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी भांडी लावत होते. 'अक्का, गाडी सकाळी सकाळी खुळखुळ वाजते, मिस्त्री म्हणतो टायमिंग चेन गेली, इंजिन खोलावं लागंल,' एवढं बोलून तू जो सुस्कारा टाकलास ना, तो धुळ्याहून जळगावपर्यंत ऐकू आला बघ. फोनवर मी नुसतं हो-हो केलं, कारण हे असं तोंडातोंडी सांगायचं काम नाही. म्हणून आता सगळी निजल्यावर लिहायला बसलेय. तू चहा ठेव आणि निवांत वाच. आणि हो, हे वाचून होईस्तोवर गाडी सुरू करायची नाही. ड्रायव्हर कितीही म्हणाला 'ताई, फक्त फागण्यापर्यंत जाऊन येतो', तरी नाही म्हणजे नाही.

आधी एक विचारते, रागावू नकोस. तुझ्या गाडीला चेन आहे हे नक्की ना? हसू नको गं. मी एकदा शेजारच्यांची ४०७ खडखडते म्हणून मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, 'टायमिंग चेन बदला, माझी पण तशीच वाजायची.' सगळं गॅरेज हसलं. टाटा ४०७ ला टायमिंगची चेनच नसते, गिअर असतात. चाकाला चाक भिडलेलं. तेव्हापासून मी आधी इंजिन कुठलं ते विचारते आणि मग तोंड उघडते. पण तुझी म्हणजे बाबांची मॅटाडोर आहे, नंतरच्या काळातली, म्हणजे तिच्यात ओएम ६१६ इंजिन असणार. मूळचं मर्सिडीजचं, पुण्याच्या बजाज टेम्पोनं परवाना घेऊन इथं बनवलेलं. हेच इंजिन ट्रॅक्सला पण लागलं, म्हणजे आपल्याकडच्या अर्ध्या काळी-पिवळीला. त्याला चेन असते, तीही दुहेरी, सायकलच्या दोन चेन शेजारी शेजारी जोडल्यासारखी. तेव्हा तुझा मिस्त्री निदान थाप मारत नाही.

आता ही चेन करते काय? तुझ्याकडं शिलाई मशीन आहे ना, त्यावरून बघ. सुई खाली उतरते तेव्हा शटलचं टोक बरोब्बर तिथं यावं लागतं. जरा मागंपुढं झालं की टाका सुटतो, फारच चुकलं तर सुई मोडते. इंजिनात पिस्टन वरखाली करतो आणि वरच्या बाजूनं व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात. पिस्टन वर आला की व्हॉल्व्ह मिटलेला पाहिजे, नाहीतर टक्कर. ह्या दोघांचा ताल चेन सांभाळते. खाली पिस्टनच्या क्रँकचे दोन फेरे झाले की वर व्हॉल्व्हच्या कॅमचा एक. जाताजाता ती डिझेल पंपाला पण फिरवते, म्हणजे डिझेल कधी शिंपडायचं तेही तिच्याच हातात. घरातल्या मोठ्या सुनेसारखं आहे बघ, तिचं कुणी नाव काढत नाही, पण ती माहेरी गेली की सगळ्यांना कळतं.

ती सैल झाल्याचं पहिलं लक्षण तू सांगितलंस तेच. सकाळी गार इंजिन सुरू केलं की क्षणभर खुळखुळ, मग आवाज कमी. का, तर चेनला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी असली की ऑइल खाली उतरतं. सकाळी दाब येईस्तोवर चेन मोकळी हलते आणि बाजूच्या पट्ट्यांवर, म्हणजे गाईडवर, आपटते. हा आवाज ऐकून तू फोन केलास हीच मोठी गोष्ट आहे. मी केला नव्हता.

खरं सांगू का, माझी फजिती ऐकलीस तर तुझी भीती निम्मी होईल. मे महिना, रावेरकडून कच्ची केळी भरून गाडी धुळ्याला निघालेली, आणि मी हट्टानं पुढं बसलेली, ड्रायव्हर नवा म्हणून. खुळखुळ आवाज आठ दिवस येत होता. मी म्हटलं, मागच्या फाळक्याची साखळी वाजतेय. म्हणून मी फाळक्याची साखळी जुन्या लुगड्याच्या चिंधीनं गुंडाळून घट्ट बांधली आणि स्वतःवर खूश झाले. साखळीच वाजत होती गं, फक्त दुसरी! बांभोरीचा गिरणेचा पूल ओलांडला, एरंडोल मागं पडलं, आणि पारोळ्याच्या अलीकडं चढावर 'खट्' असा एकच आवाज होऊन गाडी बंद. पुढची चूक त्याहून मोठी. मी ड्रायव्हरला म्हटलं, 'मार स्टार्टर.' त्यानं मारला. एकदा नाही, चारदा.

चेन दात सोडून सरकली होती. पहिल्या खटक्यात वाकायचे ते व्हॉल्व्ह वाकले, आणि माझ्या चार स्टार्टरांनी उरलेलं काम केलं. हेड खोललं तेव्हा व्हॉल्व्ह दाबणारा एक रॉकर तुटलेला, आणि एका पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हच्या कडेची चंद्रकोर उमटलेली. मिस्त्रीनं ती मला बोटानं चाचपायला लावली. दुसरी गाडी मागवून माल पलटी करेस्तोवर दुपार झाली, आणि पंचेचाळीस डिग्रीत उभी राहिलेली केळी कुणी कोणत्या भावानं घेतली ते तुला सांगत नाही, तुझ्या दाजींना अजून माहीत नाही. म्हणून हे एक वाक्य ड्रायव्हरच्या डोक्यात घालून ठेव. चालती गाडी आवाज करून बंद पडली तर स्टार्टरला हात लावायचा नाही. ओढून न्यायची.

तर तुझं अजून काही बिघडलेलं नाही, नुसतं वाजतंय. बघ, ह्या टप्प्यावर हे एका दिवसाचं काम आहे.

आता तुझा मिस्त्री 'इंजिन खोलावं लागंल' म्हणाला, त्याविषयी. चेन बदलायला हेड उतरवावंच लागतं असं नाही. वरचं हेडकव्हर काढून, जुन्या चेनला नवी जोडून आत ओढता येते. पण मिस्त्री लोकांना एक सवय असते. आपण एक साडी घ्यायला गेलो की दुकानदार मॅचिंग परकर, फॉल, पिको सगळं काढतो ना, तसं 'चेन करतोयच तर बोअर करून टाकू, पिस्टन टाकू.' अशा वेळी तू चारच गोष्टी विचार. गाडी ऑइल खाते का? निळा धूर मारते का? चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडलं तर चुलीसारखा धूर फेकते का? चढावर दम सोडते का? ह्या चारींचं उत्तर नाही असेल तर बोअरचं नाव काढू द्यायचं नाही. हो असेल तर मात्र चिडू नकोस, मग तो खरं बोलतोय.

आणि चेन खरंच गेलीय का, हे पण दाखवून घे. ह्याला मोजमाप आहे, नुसता अंदाज नाही. हेडकव्हर काढलं की कॅमवर एक खूण दिसते आणि तिच्या शेजारी बेअरिंगच्या टोपीवर दुसरी. हातानं इंजिन फिरवून त्या दोन खुणा समोरासमोर आणायच्या, आणि मग खाली क्रँकच्या पुलीवर अंशांचे आकडे असतात ते वाचायचे. चेन नवी असेल तर शून्यावर. जुनी असेल तर शून्याच्या पुढं गेलेलं दिसतं, जितकं पुढं तितकी चेन लांबलेली. मिस्त्रीला म्हण, 'दादा, मला पुली दाखवा, किती डिग्री आलं?' हा एक प्रश्न विचारलास की त्याची बोलायची रीत बदलते. मी पाहिलंय.

तुला मनातून तेच खुपतंय ना, की बाई माणूस गॅरेजमध्ये उभी राहिली तर कोण ऐकणार? अगं, मलाही पहिल्या दिवशी असंच झालं होतं. मिस्त्री माझ्याशी बोलेचना, सगळं ड्रायव्हरला सांगायचा, पैसे मात्र मला मागायचा. मी घरून प्लास्टिकचं स्टूल नेलं, निंबाच्या सावलीत ठेवलं आणि वही उघडून बसले. काय काढलं, काय घातलं, कुठून आणलं, सगळं लिहायचं. खोलायच्या आधी खुणांचे मोबाइलवर फोटो. आणि पहिल्यांदाच सांगून टाकलं की जुना माल सगळा मला परत पाहिजे, भंगारात मीच देईन. भांडले नाही, आवाज चढवला नाही. दुपारी तोच म्हणाला, 'वहिनी, इकडं या, हे बघा.' पाना हातात धरता यायला पाहिजे असं काही नाही गं. आपण समोर पाहिजे, बस.

माल आणायला गेलीस की दुकानात 'चेन द्या' एवढंच म्हणू नकोस. मी म्हटलं होतं, तर त्यानं विचारलं, 'हीरो होंडाची का?' सांगायचं, ओएम ६१६, ट्रॅक्सची टायमिंग चेन. मॅटाडोर म्हटलं की नवी पोरं माना हलवतात, ट्रॅक्स म्हटलं की माल निघतो. चेनबरोबर टेन्शनर, गाईडच्या पट्ट्या आणि हेडकव्हरचं पॅकिंग घे. गाईडवर काटकसर करू नकोस. जुन्या गाईडचा थर कडक होऊन तडकतो, त्याचा तुकडा पडून नव्या चेनमध्ये अडकला की सगळं मुसळ केरात. धुळ्यात नाही मिळालं तर जळगावला अजिंठा चौफुलीकडं मी बघून ठेवते. लोकल माल स्वस्त पडतो, पण हा लोणच्याच्या बरणीवरचा दादरा नाही, फाटला तर दुसरा बांधला म्हणायला.

एवढा खर्च ह्या म्हाताऱ्या गाडीत करावा का, हे तू विचारलं नाहीस, पण तुझ्या आवाजात होतं. उत्तर देते. चासीला तडा असेल, सांगाडा गंजून पोकळ झाला असेल तर नको. पण इंजिनावर अविश्वास ठेवू नकोस. ग्रीसमध्ये ग्रेगोरिओस साचिनिदिस नावाचे एक टॅक्सीवाले होते. त्यांची १९७६ ची मर्सिडीज २४० डी, तिच्यात ह्याच घराण्याचं इंजिन. ती ४६ लाख किलोमीटर चालली, आणि २००४ साली कंपनीनं ती आपल्या संग्रहालयात ठेवली. आता लगेच उड्या मारू नकोस, एकाच इंजिनावर नाही हं, त्यांनी इंजिनं आळीपाळीनं उतरवून, दुरुस्त करून परत बसवली. म्हणजे तेही आपल्यासारखे गॅरेजमध्ये बसलेच असतील की!

आता प्रत्यक्ष दिवस. पहाटे सहाला बोलाव मिस्त्रीला, ह्या दिवसांत अकरानंतर पाना हातात धरवत नाही. इंजिन रात्रभर गार झालेलं पाहिजे. तो आधी बॅटरीची तार काढेल, हेडकव्हर काढेल, हीटर प्लग काढेल. ते काढले की आत दाब धरत नाही आणि इंजिन हातानं हलकं फिरतं. मग टेन्शनर काढेल. आता पुढचं नीट ऐक, सगळी गंमत इथंच आहे.

परकराची नाडी बदलतेस ना तू? जुनी नाडी ओढून काढली की नेफ्यात पिन घालून बसावं लागतं तासभर. शहाणी बाई काय करते? नवी नाडी जुन्या नाडीला शिवते आणि जुनी ओढते, नवी आपोआप फिरून बाहेर येते. अगदी तसंच. वरच्या गरारीवर, म्हणजे कॅमच्या दातेरी चाकावर, जुन्या चेनची एक पिन घासून काढतात. तिथं नव्या चेनचं टोक जोडतात. मग एक जण खाली पुलीच्या बोल्टाला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवतो, इंजिन चालतं त्याच दिशेनं, उलटं चुकूनही नाही. दुसरा वर उभा राहून एका हातानं नवी चेन गरारीच्या दातांवर बसवत जातो आणि दुसऱ्या हातानं बाहेर येणारी जुनी ओढून धरतो. एका क्षणासाठीही चेन ढिली सोडायची नाही. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मध्येच कॅमला पुढं ढकलतात, गरारी आपणहून टुणकन उडी मारते, आणि तेव्हा हात सैल असला तर खालच्या दातांवरून चेन निसटते. किंवा टोकच आत पडतं. नेफ्यात नाडीचं टोक शिरलं तर काय होतं ते तुला सांगायला नको, आणि इथं तर नेफा लोखंडाचा.

म्हणून माणसं दोन पाहिजेत, आणि दोघांनी एकमेकांशी बोलत राहायचं. 'फिरव. थांब. फिरव.' माझ्या वेळी पोऱ्या आला नव्हता म्हणून जुनी चेन ओढून धरायला मीच उभी राहिले. छान जमत होतं, आणि खिशात फोन वाजला. सासूबाईंचा फोन न उचलण्याची माझी प्राज्ञा नाही. एक हात सुटला, चेन सर्रकन आत! नशीब, मिस्त्रीनं टोकाला आधीच तार बांधून ठेवली होती. त्यानं मला काही म्हटलं नाही, नुसतं बघितलं. मी फोन बंद करून स्टुलाखाली ठेवला. खुणांचे फोटो काढून झाले की चेन ओढेस्तोवर तुझा फोन ड्रायव्हरच्या बायकोकडं देऊन ठेव.

चिंध्यांचं राहिलं. पिन घासताना लोखंडाचा कीस उडतो, तो आत पडू नये म्हणून गरारीच्या भोवती कापड कोंबतात. किती तुकडे कोंबले ते मोजून वहीत लिही. ऑपरेशनवाले डॉक्टर मोजतात तसं. माझ्याकडं पाच लिहिलेले आणि बाहेर आले चार. सगळे शोधू लागले, मी घामाघूम. पाचवा तुकडा मिस्त्रीच्या खांद्यावर होता, त्याच तुकड्यानं त्यानं तोंड पुसलं होतं. पण शोधलं हे बरंच केलं.

नवी चेन पूर्ण फिरून वर आली की तिची दोन टोकं जोडतात. पिन ठोकून पक्की करणारा मिस्त्री मिळाला तर उत्तम. क्लिपवाली लिंक असेल तर एवढंच बघ की क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला आहे. उलटी बसली तर एखाद्या दिवशी सुटते. टेन्शनर परत बसवायच्या आधी ऑइलच्या डब्यात बुडवून सात-आठ वेळा दाबायला सांग, त्यातली हवा निघाली पाहिजे. पुष्कळ जण हे करत नाहीत आणि मग पहिल्या स्टार्टला नवीच चेन खडखडते.

आणि आता जिथं सगळ्यांना घाई होते ती जागा. सगळं बसलं, चार वाजले, ड्रायव्हर चावी घेऊन तयार. तू उठून उभी राहा आणि म्हण, 'आधी हातानं.' पान्यानं इंजिनाचे पूर्ण दोन फेरे, सावकाश. कुठं अडल्यासारखं वाटलं तर जोर लावायचा नाही, तिथंच थांबायचं. पिस्टन व्हॉल्व्हला भिडत असतो. दोन फेऱ्यांनी कॅमची खूण परत खुणेला आणि पुली शून्यावर आली पाहिजे. ह्याचा फोटो काढ. मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरची फट, सेट करायचे, गार इंजिनावर इनटेकला ०.१० आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर, फीलरची पट्टी घालून. डिझेल पंपाचं टायमिंग पंपवाल्याकडून तपासून घे, कारण जुन्या लांबलेल्या चेनला जुळवून कुणी मागं ते हलवून ठेवलेलं असू शकतं. हे झालं की हीटर प्लग लाव, ऑइल आणि फिल्टर नवा टाक, आणि मग दे चावी.

सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन श्वास थोडा धूर, थोडा आवाज येईल. घाबरू नको व माय. मग ते इंजिन जे लागतं ना, एका सुरात, ते ऐकून मी त्या दिवशी गॅरेजमध्येच डोळे पुसले होते. मिस्त्रीला वाटलं धूर गेला डोळ्यात.

जुनी चेन घरी आणलीस की एक कर. भिंतीला दोन खिळे ठोकायचे नाहीत, घरमालक ओरडेल. दाराच्या एकाच कडीला जुनी चेन आणि नवीचं माप घेतलेला सुतळीचा तुकडा शेजारी शेजारी लटकव. नवी आत घालायच्या आधीच तिचं माप सुतळीवर घेऊन ठेवायचं, हे लक्षात ठेव. माझी जुनी चेन नवीपेक्षा नखाएवढी लांब भरली होती. फक्त नखाएवढी. कुठंही तुटलेली नाही, तडा नाही, तिचे सांधे झिजून झिजून एवढं वाढलं होतं. ऑइल वेळेवर बदललं असतं तर हे इतक्या लवकर झालं नसतं, कारण चेन त्याच ऑइलवर जगते. माझ्या ड्रायव्हरला मी आता ऑइलची तारीख कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून दाखवते.

काम गुरुवारी धर. मी बुधवारी संध्याकाळच्या एसटीनं निघते. चेन धरायला मी आहे, ह्या वेळी फोन घरी ठेवून येईन. भरताची वांगी इथून आणते, तिकडची नको, पण कळण्याचं पीठ आहे का तुझ्याकडं ते तेवढं सकाळी कळव.